कुंकू

शोरूममधल्या पोराने स्वतःचं मनगट
दारात धरून दाखवलं.
दार टेकलं, थबकलं, मागे सरलं.
कोटणीसबाई म्हणाल्या, "मायाळू आहे हो!"

दाराच्या कडेला हरभऱ्याएवढा काळा डोळा.
बाहेरून कुणी येत असेल तर तो बघतो,
मग बटण दाबलं तरी दार जागचं हलत नाही.
असं पुस्तकात लिहिलंय, पान एकशे बारा.
मी वाचलं. ड्रायव्हरशिवाय कोण वाचतं?

शितळादेवीच्या सिग्नलला, गाडी उभी,
आप्पांचं कोपर बटणावर गेलं.
दार उघडलं, सावकाश, अदबीने,
पाहुण्यासाठी उघडावं तसं.
आरशात मला आधी सायकल दिसली,
मग पाववाला, मग नुसतं फिरणारं चाक.

लादी पाव रस्त्यावर. मकसूदचा गुडघा सोललेला.
तो दाराला नाही, मलाच शिव्या देत होता.
बरोबरच होतं. दाराला काय देणार?

संध्याकाळी ओलं फडकं घेऊन बसलो.
त्या काळ्या डोळ्यावर सुकलेलं कुंकू,
पूजेच्या दिवशीचं, अंगठ्याने नीट दाबलेलं.
बाईंनीच लावलं होतं,
गाडीला दृष्ट लागू नये म्हणून.

आता मागचं लॉक लावूनच निघतो.
आप्पा चिडतात, "मी काय कुक्कुबाळ आहे?"
मी आरशात बघतो.
बघून झालं की पुन्हा बघतो,
मग "हं" म्हणतो.

मकसूद अजून त्या सिग्नलला
आमची गाडी दिसली की
घंटी जरा जास्तच वाजवतो.