पाहुणीचा च

रात्रीचे साडेतीन. कुरूडच्या मंडपात तिसरा अंक.
मी विंगेत. मांडीवर वही, वहीवर बॅटरी.
एका कानात नाटक,
दुसऱ्या कानात जपानी.

जपानी मला येत नाही.
तरी प्रांजलीने पाठवलेली दोन गाणी
दिवाळीपासून उगाळते आहे.
पहिलं टोकियोच्या एका पोरीचं.
दुसरं सेऊलच्या पाच जणींचं, तेही जपानीतच.
पहिल्यांदा वाटलं, एकाच घरची असतील.

टोकियोवालीचं गाणं म्हणजे बाजाराची पिशवी,
शब्द इतके की बंद तुटावेत.
चाल वळते, परत वळते,
धृपद आलं म्हणावं तर आलेलं नसतं.
मधेच तिचा श्वास ऐकू येतो, पुसायचा राहिलेला,
आणि शेवटी सगळं एक पट्टी वर चढतं,
बोलता बोलता कुणी खाटेवर उभं राहावं तसं.

पाच जणींचं तसं नाही.
तिथं आधी ठेका, मग जागा मोजून शब्द.
वाट्याला आलेल्या ओळी, ओळींना धार,
श्वास कुठल्या कुठे कापून टाकलेला.
गाणं त्यांच्या भाषेत आधीच शिवून झालेलं असतं,
जपानी मागाहून येते,
दुसरीच्या मापाच्या ब्लाऊजात दंड घालावा तशी.
बसते. छान बसते.
काखेत जरा ओढते.

कुठं ओढते, ते मला च मध्ये सापडलं.
त्सुकी म्हणजे चंद्र, प्रांजलीने सांगितलं.
टोकियोवाली त्यात चुलीतला च म्हणते,
दातांमागचा, आपला.
डोळे मिटून ऐकलं तर सरळ ‘चुकी’.
पाचांमधली धाकटी म्हणते चहातला.
किती घोटलं असेल तिने आरशापुढे!
पण सूर लांबला की जीभ माहेरी पळते.
म्हणजे बरोबर म्हणते ती चुकी म्हणते,
आणि चुकते तिला चुकी म्हणताच येत नाही.
मी लिहिलं, तिला चिंच म्हणायला लाव,
एका शब्दात दोन्ही च,
दात आंबतील बिचारीचे.

दुसऱ्या अंकानंतर निताराम काकाला दोन्ही ऐकवली.
ऑक्टोपॅडच्या काड्या काखेत, एक इअरफोन कानात,
बोटं गुडघ्यावर.
पहिल्याला म्हणाला, ‘हे बोलूनच रायली, ठेका बसू देत नाही.
पन घरची होय.’
दुसऱ्याला बोटं लगेच चालली.
‘हे पावनी.’
कशावरून?
‘आंगन झाडलेलं दिसते ना, पोरी.
रोज रोज कोन झाडते?’

आता स्टेजवर शलाका मॅडम.
पुण्याच्या, नाइट ठरवून आणलेल्या.
यादी मीच दिली होती त्यांना:
डोळा नाही, डोरा. काळा नाही, कारा. पाणी नाही, पानी.
त्या एकही चुकत नाहीत.
आमचीच माणसं माईक दिसला की ळ काढतात,
मॅडमचा र मात्र धुतलेला, इस्त्री केलेला.
तेवढ्यावरून ओळखतात शेकोटीजवळच्या बाया,
आणि टाळ्या त्याच जास्त वाजवतात.

मग मॅडम अडकल्या.
बाप मेल्याचा प्रवेश.
माझ्या बाबांनी ऑर्गनवर एक सूर धरून ठेवला,
सगळा मंडप त्या सुरावर टांगलेला.
वही बघायची गरज नव्हती, वाक्य पाठ होतं:
‘माहे डोरे तुमच्यापाशीच रायले, बाबा.’

माझ्या तोंडून गेलं, ‘माझे डोळे.’

स्वच्छ. कॉलेजातलं.
असं मी घरीही बोलत असेन का, कधीपासून?
बाबांचं बोट सुरावरून जरासं हललं,
की मला वाटलं.
मॅडमनी वाक्य घेतलं आणि वाटेतच दुरुस्त केलं,
‘माहे डोरे’ म्हणाल्या,
इस्त्री न मोडता,
आणि शेकोटीजवळ कुणीतरी पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या कानात धाकटी
पुन्हा चंद्रापाशी आली होती.
मी आवाज थोडा वाढवला.