हप्ते

डॉक्टर म्हणाले, चार महिने.
त्याच संध्याकाळी ओतिलियानं बूट घेतले,
मोहरीपिवळे, बारा हप्त्यांवर.
"दुकानदाराला सांगू नकोस हं," म्हणाली
आणि खोकला येईपर्यंत हसली.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर केबलचा डबा
ती वरून ओढायची, मी खाली तिकिटं फाडायचो.
घंटा एकदा: चल. दोनदा: थांब.
तीनदा म्हणजे, हे तिचंच,
बाहेर बघ, पेलिकन आलेत.
मी चिडायचो. रांग असायची.

सहा हप्ते तिनं भरले.
सातवा मी, आठवा ग्रीसवाल्या एवारिस्तोनं.
दुकानातली पोरगी विचारते, बसले ना नीट?
बसले, म्हणतो.

आज डबा रिकामाच वर निघाला.
मी घंटा तीनदा वाजवली.
वरच्या नव्या पोराला काही कळेना,
त्यानं डबा मध्येच थांबवला,
समुद्रासमोर.