चौथं पोतं

जांबोटीहून खानापूरला येणारा टेम्पोवाला
माझी चार पोती उचलेना.
“राख घेऊन काय करूलालीस, अक्का?
दात घासूलालीस काय सगळ्या गावाचे?”

तीन पोत्यांवर मष्णूनं कोळशानं लिहून दिलंय :
ऐन. किंदळ. कुंभा.
चौथ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह.
तिथं काय होतं
हे ओळखायला एक साल उरली नव्हती.

मष्णू फायर वॉचर, रोजंदारीवर.
यंदा रान माघातच पेटलं.
अकरा रात्री तो ओल्या डहाळीनं जाळ बडवत होता.
गार्ड मडिवाळप्पा वायरलेसवर ओरडायचा बेंकी, बेंकी,
हा इकडून आग, आग,
आणि ती दोन्ही हाकांना ओ देत
येतच राहिली.

मी राख चाळते.
तीनदा धुते; खारं पाणी बोटं खातं.
चाळणीत गोगलगायीचा शंख निघतो, हात लागताच पीठ होतो.
एक फासकीची तार निघाली.
ती मी डब्यात ठेवली, अजून कुणाला दाखवली नाही.

मग गाळ, शाडू, राख,
वाट्या बुडवायच्या आणि भाजायच्या.
ऐनाची राख शेवाळी उतरते,
किंदळीची जुन्या मधासारखी,
कुंभ्याची तडकते.
प्रदर्शनात लोक पाटी वाचतात, हळहळतात, भाव विचारतात.
पाटीवर मी लिहीत नाही
की एका भट्टीला सव्वा टन लाकूड लागतं.
लेक म्हणाली, “मग गॅसवर भाज की.”
गॅसच्या जाळात तो रंग येत नाही, म्हटलं.
ती काही बोलली नाही.
तिनं नुसतं सरपणाकडं बघितलं.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा मष्णू आला होता.
चौथ्या पोत्याची वाटी
हिरवी नाही, काळी नाही,
पाण्याखालच्या दगडाच्या रंगाची.
त्यानं ती उलटी केली, सुलटी केली,
बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.
“हे झऱ्याकडचं झाड.
माझा आज्जा सांगायचा, आग तिथनं परत फिरत्या.
तिथं माती बारा महिने ओली.”
मग जरा थांबून, “होती.”

मी दुसरीकडं बघितलं.
त्यानं थर्मासमधला चहा वाटीत ओतला,
फुंकर मारली, प्याला.
म्हणाला, “गळत नाही.”