चार शून्यं

सेतूबालच्या बंदरामागे तिसऱ्या गल्लीत
आमच्या कंपनीचं दुकान आहे, सगळं काचेचं.
मी तिथे दोन नंबरच्या काउंटरवर बसते.
छातीवर पट्टी : ग्रासिंदा, मदतीसाठी हजर.

सोमवारी शटर वर जायच्या आधीच
देओलिंदा पायरीवर उभी.
मनगटावर सुकलेले सार्डिनचे खवले,
फोन मात्र धुतल्या रुमालात गुंडाळलेला,
आजारी पिल्लू आणावं तसा.

"माझ्या नावानं कुणीतरी पैसे मागितले.
लक्झेंबर्गच्या बहिणीनं चारशे युरो पाठवलेसुद्धा.
मी झोपलेली. फोन उशाशी.
कुणाला काही सांगितलं नाही, कशावर बोट ठेवलं नाही.
मग तो शिरला कुठून?"

मी तिचा नंबर पडद्यावर घेतला.
व्हॉइसमेल : सुरू.
केव्हापासून : सहा वर्षं.
कुणाच्या विनंतीवरून : रकाना कोरा.
पिन : शून्य शून्य शून्य शून्य.

तिला समजेल असं सांगायला गेले आणि मलाच नीट समजलं.
रात्री तीन वाजता कुणीतरी तिच्या नंबरावर कोड मागवला.
फोन वाजत राहिला. ती उठली नाही.
मग एका यंत्रानं तो कोड
पहिलीच्या बाईंसारखा, एकेक आकडा सावकाश,
त्या पेटीत म्हणून दाखवला.
आणि तो माणूस आला, पेटी उघडली, ऐकलं, गेला.
कुलूप फोडायची वेळच आली नाही त्याच्यावर.
किल्ली आम्हीच ठेवली होती उंबऱ्याशी,
गावातल्या प्रत्येक उंबऱ्याशी तीच.

"कसली पेटी?"
"आपल्या सोयीसाठी असते, मॅडम."
हे वाक्य मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात पाठ करायला दिलं होतं.

"माझ्या भिंतीला दार पाडलंत
आणि मला पत्ता नाही?
गवंडी निदान धूळ तरी मागे ठेवतो, पोरी."

मागे रांग वाढत होती. कुणीतरी खाकरलं.
ती हलली नाही.
मग एकदम हळू आवाजात :
"त्या पेटीत आणखी कोण कोण बोललंय?"

आलेले निरोप : सदतीस.
ऐकलेले : एक.
तो एक त्या चोरानं ऐकलेला.
बाकीचे चौदा दिवसांनी
आपोआप पुसले जातात, हेही सोयीसाठीच.

"दोन वर्षं झाली. फेब्रुवारीत, अकरा तारखेला
औरेलियोनं होडीवरून फोन केला होता.
माझे हात मासळीत. घेता आला नाही.
परत लावला तर लागेना.
मला वाटलं, वाजवला आणि ठेवून दिला त्यानं.
तसाच होता तो, यंत्राशी बोलायचा नाही."

ती पडद्याकडे बघत नव्हती.
मी बघत होते.
अकरा फेब्रुवारी, संध्याकाळी पाच बारा.
एकेचाळीस सेकंद.
पुसलेला.

मी पडदा किंचित माझ्याकडे वळवला.
"हो," म्हटलं, "नुसताच वाजवला असेल."
म्हणजे मीही तिला न विचारता
तिच्या बाजूनं काहीतरी ठरवून टाकलं.
तिच्या सोयीसाठी.

पेटी बंद करायला अर्ज लागतो.
तीन ठिकाणी सही, ओळखपत्राची प्रत,
कारणाच्या रकान्यात किमान दहा अक्षरं.
तिनं लिहिलं : मी मागितली नव्हती.
मग फोन रुमालात बांधून निघून गेली.
काउंटरवर एक खवला राहिला, नखाएवढा.
दिवसभर मी तो पुसला नाही.

रात्री घरी, दिवा न लावता,
मी माझाच नंबर फिरवला.
पिन सांगा, म्हणाली ती बाई, फार गोड आवाजात.
शून्य. शून्य. शून्य.
चौथ्यावर अंगठा जरा थांबला.
मग दाबलं.

दार उघडलं.