रकाना क्रमांक अकरा

बत्तीस अर्ज, सहा शिष्यवृत्त्या,
टिळक रस्त्यावरच्या ट्रस्टच्या खोलीत
आम्ही चौघं, चहा गार होत चाललेला.

रकाना अकरा विचारतो:
‘आपणांस मदतीची गरज का आहे? सविस्तर लिहा.’
पोरं लिहितात सविस्तर.
गळकं छप्पर, बापाची दारू,
आईच्या हातांचे घट्टे.
कुणी पुरवणीही जोडतं.

निकिता उमाप, जनता वसाहत,
एम.एस्सी. भाग एक, संख्याशास्त्र.
तिच्या दोनच ओळी:
‘फी सत्तावीस हजार चारशे आहे.
घरात नऊ हजार आहेत.’

गोगटेबाई म्हणाल्या, कळकळ दिसत नाही हो.
मी चष्मा पुसत बसलो.

एकोणऐंशी साली, असल्याच एका टेबलावर
मी लिहिलं होतं: वडील हयात नाहीत.
अक्षर चांगलं होतं माझं.
पाचशे रुपये मिळाले.
वडील तेव्हा खाली फाटकाशी उभे होते
कुलूप नसलेली सायकल धरून.
‘झालं का रे काम?’ एवढंच विचारलं
आणि स्वारगेटपर्यंत मला डबलसीट नेलं.
पुढे चोवीस वर्षं जगले.
मी कधी सांगितलं नाही.

निकिताच्या अर्जावर सही केली.
मग पुढच्या वर्षीच्या कोऱ्या नमुन्यात
रकाना अकरावर आडवी रेघ मारली.
‘अहो, मग निवडायचं कशावरून?’

वजाबाकीवरून, मी म्हटलं,
आणि मनात दुसरीच होऊन बसली:
बत्तीस वजा सहा.
पंख्याखाली फडफडत होते ते सव्वीस.
कुणीतरी त्यांच्यावर पेपरवेट ठेवला.