सेव्ह केलेली गाय

वडिलांकडे कॉम्प्युटर होता, आईकडे कन्सोल.
मध्ये ओउलूची नदी,
डिसेंबरात इतकी गोठलेली
की तिला नदी म्हणायचं ते निव्वळ सवयीनं.
एक शुक्रवार सोडून मी आणि ओस्सी
सायकली दामटत पूल ओलांडायचो,
दुपारी तीनलाच दिवे लावून.

वडिलांचं यंत्र कायम उघडं.
एका बाजूचं झाकण त्यांनी कधी लावलंच नाही.
आत पंखे, धूळ, तारांचा गुंता,
जणू शस्त्रक्रिया अर्धी टाकून
डॉक्टर कॉफी प्यायला गेलाय.
कुठेतरी माशी शिंकायचीच:
ड्रायव्हर जुना, मेमरी अपुरी, पडदा निळा.
टॉर्च दातांत धरून, गुडघ्यांवर बसून
ते म्हणायचे, "थांबा, आता होईल."
त्यांचं 'आता' कधी कधी रविवारी यायचं.
पण आलं, की काय दिसायचं!
गवताचं पातं न् पातं वेगळं,
गायीच्या नाकपुडीवर दव.
खुर्ची मात्र एकच.
एकानं खेळायचं,
दुसऱ्यानं त्याच्या मानेवर श्वास टाकत उभं राहायचं.

आईकडे बटण दाबलं की दिवा,
दिवा लागला की खेळ.
टीव्हीखाली काळी चपटी पेटी,
पेटीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर निवडुंगाची कुंडी.
"यंत्रानं कमी बोलावं आणि काम करावं,"
आई म्हणायची,
आणि आम्हाला कळायचं ती कुणाबद्दल बोलतेय.
तिथलं गवत सतरंजीसारखं,
गाय जरा चौकोनीच,
दव नाही.
पण कंट्रोलर दोन आणि सोफा लांब.
ओस्सीचे गार पाय माझ्या मांडीखाली,
आईच्या लोकरीचा गुंडा आमच्या मध्ये लोळतोय,
आणि टाके मोजता मोजता तीच ओरडते,
"अगं कुंपण! कुंपण बघ!"

शाळेत यावरून मारामाऱ्या व्हायच्या.
माउस खरा की कंट्रोलर खरा,
कुणाचं चित्र धारदार, कुणाचा खेळ स्वस्त.
मी दोन्ही बाजूंनी भांडले,
ज्या आठवड्यात जिथं झोपत असेन
त्या बाजूनं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही.
खेळ दोन्हीकडे एकच होता,
पण सेव्ह केलेलं पूल ओलांडत नसे.
वडिलांकडे मान्सिक्कीला तीन वासरं झालेली,
विहीर खणून झालेली, सॉनाच्या धुराड्यातून धूर.
आईकडे तीच मान्सिक्की अजून बाजारात,
गळ्यात किमतीची पाटी,
आणि आमच्या खिशात बारा नाणी.
दर खेपेला पूल ओलांडला
की आम्ही नव्यानं गरीब.

ओस्सी तेव्हा सात वर्षांचा.
एकदा त्यानं मान्सिक्कीला पेन ड्राइव्हवर घेतलं,
पेन ड्राइव्ह हातमोज्यात घातला,
आणि उणे बावीस अंशांत एका हातानं सायकल चालवत
दुसरी मूठ छातीशी धरून आला.
कन्सोलला तो खुपसायला जागा होती.
पेटीनं क्षणभर विचार केला
आणि लिहिलं: ही वस्तू ओळखता येत नाही.
तो रडला नाही.
पेन ड्राइव्ह काढला,
पुन्हा हातमोज्यात ठेवला,
आणि हातमोजा रेडिएटरवर.

आता सगळं ढगात असतं म्हणे.
माझी मुलगी बसमध्ये सोडलेला खेळ
घरी येऊन तिथूनच पुढे खेळते,
आणि पूल म्हणजे तिला फक्त पूल.

गेल्या एप्रिलात, बर्फ फुटायच्या आठवड्यात,
वडिलांचं यंत्र तळघरातून वर आणलं.
झाकण नाहीच.
तीनदा बंद पडलं.
चौथ्यांदा मी मोठ्यानं म्हणाले, "थांब, आता होईल,"
आणि खोलीत कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं.
पडदा उजळला.
कुंपण, विहीर, वासरं.
एकोणीस वर्षं न हललेल्या गवतात
तिनं मान वळवली.

मी ओस्सीला फोन लावला.
म्हटलं, मान्सिक्की आहे अजून.
तो बराच वेळ गप्प होता.
मग म्हणाला,
"कुठल्या घरातली?"