खरं असेल ते द्या

मालक म्हणाले, प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहा.
कादंबरी नको, कविता तर नकोच.
खऱ्या माहितीचं एकच पुस्तक,
आणि का वाचावं ते चार ओळींत.

मल्लिनाथअण्णांनी विहिरींवरचं उचललं. लिहिलं:
"नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं.
मधल्या चार दिवसांत वाचून होतं."
आठवड्यात सहा प्रती गेल्या.

तबस्सुमनं झोपेवरचं निवडलं.
तिची चिठ्ठी लांब, शेवटी खाडाखोड:
"अब्बा रातपाळीचे. आम्ही भावंडं
दिवसा कुजबुजत भांडायचो.
तिसरं प्रकरण वाचून कळलं,
ते रागीट नव्हते."

मी कापडावरचं घेतलं.
जाड, रंगीत फोटो, आठशे पन्नास रुपये,
आपल्या सोलापूरवर त्यात एकवीस पानं.
माझ्या चिठ्ठीत होतं, "आपल्या गावाचा संपूर्ण इतिहास."
संपूर्ण हा शब्द असाच आला,
पत्त्यात पिनकोड येतो तसा.

मेची दुपार. नव्या पेठेत कुत्रंही
शटरच्या सावलीच्या मापानं झोपलेलं.
तेव्हा विडी घरकुलातल्या नरसम्मा आल्या,
सुपात बसायची ती कात्री पिशवीतून डोकावत होती.
म्हणाल्या, "गोष्टी नको. खरं असेल ते दे."
मग चिठ्ठी वाचली. "दाखव की ती एकवीस पानं."

पंख्याखाली उभ्यानंच वाचलं,
ओळीखाली बोट, बोटाला तंबाखूचा वास.
अण्णांनी स्टूल सरकवलं, ते दिसलंच नाही त्यांना.
पान उलटायच्या आधी ओठ थांबत.
पाऊण तासानं पुस्तक माझ्याकडं फिरवलं:
"ह्यात भोंगा हाय, मालक हाय, संप हाय.
कांड्या कोण भरत होतं मग?"

मी सूची चाळली. क मध्ये
कर, कापूस, कामगार कायदा.
त्यांनी पान एकशे बारा काढलं.
माग, मागावर माणूस,
खाली मागाच्या कंपनीचं नाव,
आणि डाव्या कडेला, फोटो कापला तिथं,
एक कोपर. दोन बांगड्या.

"हे बघ."
कुणाचं आहे? मी विचारलं.
"कुणाचं का असंना. काम करतंय की."

किंमत बघून पुस्तक मिटलं,
मिटताना कव्हर पदरानं पुसलं.
"येते. आज पाणी यायचंय."

संध्याकाळी मी चिठ्ठी बदलली:
"अपुरं आहे. आधी पान ११२ बघा,
डावीकडची कड. मग पहिल्यापासून वाचा
आणि विचारत राहा."
मालक म्हणाले, अशानं खपतं होय रे?

नाही खपलं. दोन्ही प्रती अजून फळीवर आहेत.
पण लोक चिठ्ठी वाचतात, पुस्तक काढतात, ते पान शोधतात.
आता त्यातली एक प्रत तर
कुठूनही उघडा,
एकशे बारावरच पडते.